ओव्हाळ मामांचं एफ ड्राइव्हवरचं घर

आपण एखाद्याला सीडी दिली, तर माणूस ती बसल्या जागी उघडून बघतो. ओव्हाळ मामा तसलं काही करायचे नाहीत. सीडी हातात पडली की ते खुर्ची मागे सारून उठायचे आणि सरळ खोलीबाहेर चालू लागायचे. पत्र्याच्या शेडला वळसा घालून ते स्टोअरमध्ये जायचे, तिथल्या धुळीने माखलेल्या मशीनसमोर बसायचे आणि मगच सीडी आत सरकवायचे. पहिल्यांदा मी विचारलं, "मामा, आपल्याकडे काय मशीन नाही का?" तर म्हणाले, "बिराजदार सायेब, हितं बनीवलं आन् हितंच उघडलं, त्यात काय मर्दुमकी? तितं उघडाया पायजे!"

हे 'तितं' म्हणजे आपण सोडून उरलेलं सगळं जग.

गोष्ट २००५ सालची. पिरंगुटला आमची पंप बनवणारी कंपनी होती. मी लातूरकडचा, नवा इंजिनियर, भुकूमला भाड्याने राहायचो. माझं काम पंपांची माहितीपुस्तकं तयार करायचं. दोनशे पानांचं पुस्तक वर्डमध्ये लिहायचं आणि त्याची पीडीएफ करायची. फाईल हलकी राहावी म्हणून ड्रॉइंग आत घालायचं नाही, नुसती लिंक द्यायची. निळ्या अक्षरांवर क्लिक केलं की ड्रॉइंग उघडलं पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात एक मेख होती. घाईत दिलेली लिंक बहुतेक वेळा माझ्याच मशीनमधलं ड्रॉइंग दाखवायची. माझ्याकडे ते झटकन उघडायचं आणि गिऱ्हाइकाकडे मात्र 'फाईल सापडत नाही' अशी पाटी यायची.

ही पाटी गिऱ्हाइकाच्या आधी बघायला कंपनीने मामांना नेमलं होतं. वीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये कागद सांभाळलेला माणूस. पंचावन्नाव्या वर्षी माऊस हातात आला. राहायचे मालेला. रोज पौडवरून एसटीने यायचे. एका पुस्तकात एकशे अठरा लिंका असल्या तर एकशे अठराच्या एकशे अठरा उघडून बघायचे आणि प्रत्येकीपुढे बोथट पेन्सिलीने बरोबरची खूण करायचे. एखादी फसली तर ओरडायचे नाहीत. माझ्यासमोर येऊन बसायचे आणि दुखवट्याला आल्यासारखं हळूच सांगायचे, "सायेब, गिऱ्हाईक हाक मारतंय, घरात कोन न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा संध्याकाळी पाचला माल निघायच्या तोंडावर हे वाक्य ऐकवलं, तेव्हा मी चिडून म्हटलं, "अहो मामा, एकशे अठरातली एकच तर आहे!"

"ज्याला तीच पायजे आसंल, त्यानं काय करायचं?"

लिंक दुरुस्त केली आणि माझी बस चुकली.

हे वेड कंपनीपुरतंही नव्हतं. अकाउंट्समधल्या एकाने मुलाच्या लग्नाची पत्रिका सगळ्यांना मेल केली. खाली कार्यालयाच्या नकाशाची लिंक होती. बाकीच्यांनी अभिनंदन कळवलं. मामांनी त्याला कँटीनमध्ये गाठून सांगितलं, "तुमचा नकाशा उघडत न्हाई. पावनं कुटं जानार?" तो बिचारा हातातला वडा तसाच ठेवून पळाला. एकदा मी विचारलं, मामा, एवढा संशय येतो कुठून तुम्हाला? तर म्हणाले, "आमच्या आज्याचा जुना कागद हाय घरी. त्यावर गावाचं नाव हाय, शेताच्या चारी बाजू लिवल्यात. कागद बरोबर हाय. जाऊन बगा, समदं धरनाच्या पान्याखाली." मी मान हलवली आणि पुढे टाईप करत राहिलो. त्या वयात माणूस ऐकतो कुठे?

मामांना एकच मुलगी, सुजाता. मस्कतला नर्स होती. मामी वारल्या आणि वर्षभरात ती तिकडे गेली, ती चार वर्षांत एकदाही आली नव्हती. पुढच्या वर्षी जूनमध्ये तिचा करार संपत होता. पुढच्या तीन वर्षांवर सही करायची की परत यायचं, हे तिचं ठरत नव्हतं. मामांचा जीव त्या सहीत अडकला होता, हे आम्हा सगळ्यांना दिसायचं. पण फोनवर तिला 'ये' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. "तिचं तिनं ठरवावं. आपुन भरीस घालू न्हाई," एवढंच बोलायचे. त्याऐवजी त्यांनी मालेमध्ये दोन नव्या खोल्या बांधायला काढल्या आणि दर महिन्याला सुजाताला बांधकामाचा रिपोर्ट मेलने पाठवायला सुरुवात केली.

रिपोर्ट म्हणजे अगदी कंपनीच्या नमुन्यातला. वर रिपोर्ट क्रमांक, खाली सही, मध्ये फोटोंच्या लिंका. फोटो काढायला क्वालिटीवाल्यांचा कॅमेरा मागून न्यायचे. तो कॅमेरा पंपातल्या भेगा टिपायचा, आणि भेगेशेजारी स्टीलची पट्टी ठेवून फोटो काढायचा नियम होता. मामांनी तो नियम घरालाही लावला. खिडकी आणि तिच्याशेजारी पट्टी, उंबरा आणि त्यावर पट्टी. बोलायचे मावळी, पण लिहायचे सरकारी: 'सदर खिडकी पूर्वाभिमुख असून सकाळी सात वाजता ऊन कॉटच्या पायथ्यापर्यंत येते. सबब चि. सुजाता हिची कॉट येथेच ठेवण्याचे योजिले आहे.'

आता माझा पराक्रम सांगतो. मामांच्या फेऱ्यांना कंटाळून मी एक युक्ती काढली होती. सर्व्हरवर एक मोठा कप्पा केला, त्याला एफ ड्राइव्ह नाव दिलं आणि सगळी ड्रॉइंगं त्यात टाकली. कंपनीतल्या प्रत्येक मशीनवर तो दिसायचा. त्या दिवसापासून लिंका फसायच्या बंद झाल्या. मामा स्टोअरमध्ये गेले, गेटवर गेले, डिस्पॅचला गेले, सगळीकडे ड्रॉइंग उघडलं. "झ्याक काम केलंत सायेब," म्हणाले, आणि मी आठवडाभर हवेत होतो. घराचे फोटोही मामांनी एफवरच ठेवले. का, तर तितं उघडावेत म्हणून!

त्यामुळे झालं काय, की मामांचं घर अख्ख्या कंपनीने पाहिलं. जोतं झालं तेव्हा वॉचमनने कोपरा काटकोनात नसल्याचं सांगितलं. कँटीनच्या मावशी म्हणाल्या, ओटा ठेंगणा झाला, पोरीची कंबर धरेल. मामांनी ओटा दोन इंच उचलून घेतला. मोठे साहेबसुद्धा एकदा मीटिंग थांबवून विचारते झाले, "ओव्हाळ, स्लॅबला पाणी नीट मारताय ना?" आणि दर महिन्याला मस्कतहून मेल यायची, 'आबा, छान आहे.' मामा ती मला वाचून दाखवायचे. "छान हाय म्हंती," असं म्हणून परत एकदा स्वतःशीच वाचायचे.

तोवर कुठलंच गिऱ्हाईक काही बोललं नव्हतं. फेब्रुवारीत चेन्नईच्या गिऱ्हाइकाची तक्रार आली. सीडीतली एकही लिंक उघडत नाही. ड्रॉइंगं सीडीत आहेत, पण लिंक त्यांना शोधतच नाही! मामांनी तर तीन मशीनवर तपासली होती. थोडा वेळ डोकं खाजवलं आणि मग लख्ख कळलं. मी एकाची मोटरसायकल मागून घेतली, मामांना मागे बसवलं आणि पौडच्या सायबर कॅफेत नेलं. तिथे सीडी घातली. पहिली लिंक नाही, दुसरी नाही, दहावीही नाही. सगळ्या एफ ड्राइव्ह शोधत होत्या.

"मामा, चूक माझी आहे," मी म्हटलं. "एफ फक्त आपल्या कुंपणाच्या आत आहे. स्टोअर काय आणि गेट काय, सगळं आपलंच."

मामांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. चेन्नईचं त्यांच्या डोक्यातही नव्हतं.

"मंग घराचं?" त्यांनी विचारलं.

त्यांची मेल उघडली. दहा महिन्यांचे दहा रिपोर्ट, बेचाळीस फोटो. जोत्यावर क्लिक केलं: फाईल सापडत नाही. मी म्हटलं, मामा, राहू द्या आता. पण ते ऐकेनात. खिडकी, उंबरा, ओटा, बुद्धमूर्तीचा कोनाडा, एकेक करत बेचाळीसही लिंका त्यांनी स्वतःच्या हाताने दाबून बघितल्या. वॉचमनपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी पाहिलेलं घर जिच्यासाठी बांधलं, तिलाच दिसलं नव्हतं. मला माझी इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

शुक्रवार होता, म्हणजे मस्कतमधली सुट्टी, सुजाता घरीच असणार. कॅफेतच फोनची काचेची खोली होती. मामा आत गेले आणि पाच मिनिटांनी चष्मा पुसत बाहेर आले.

"एक बी फोटू दिसला न्हाई तिला."

"मग छान आहे, छान आहे असं का लिहायची?"

"मी बी तेच इचारलं. म्हनली, आबा, तुमी लिवता ते वाचते की. दिसत न्हाई म्हनलं आस्तं, तर तुमी लिवायचं बंद केलं आस्तं."

मी कॅफेवाल्याचे पैसे दिले आणि मोटरसायकलला किक मारली.

चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. सगळ्या लिंकांमधून एफ काढून टाकला. पुस्तक आणि ड्रॉइंगं एकाच फोल्डरमध्ये शेजारीशेजारी ठेवली, म्हणजे फोल्डर नेईल तिथे लिंक चालेल. चेन्नईची सीडी केली, आणि तशीच एक मस्कतला पाठवायला. पुढच्या शुक्रवारी आम्ही पुन्हा पौडला गेलो. मामांनी घराची सीडी घातली. पहिला फोटो उघडला, दुसरा उघडला, बेचाळीसही उघडले. पूर्वेच्या खिडकीचा फोटो त्यांनी तसाच ठेवला आणि उठले.

"लावा फोन आणि सांगा तिला, उद्याच पाठवतो म्हणून," मी म्हटलं. माझी छाती फुगली होती.

मामा काचेच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं.

"न्हाई गं बाय," ते फोनवर म्हणाले, "लई खटपट केली. सायबांनी चार दिस घातलं. न्हाईच उघडत." हा माणूस एका लिंकेसाठी माझी बस चुकवायचा! "आता काय... हितं येऊनच बगावं लागंल तुला." मग म्हणाले, "ये की." आणि घाईघाईने रिसीव्हर माझ्या हातात कोंबला. "इंजनेर सायबांनाच इचार."

"दादा," पलीकडून सुजाता म्हणाली, "खरंच नाही उघडत?"

मामा माझ्याकडे बघत होते. नापास होणाऱ्या पोराने मास्तरांकडे बघावं तसे.

"नाही हो ताई," मी म्हटलं. "यावंच लागेल तुम्हाला."

ती म्हणाली, "चार वर्षं वाट बघतेय, आबा कधी ये म्हणतील म्हणून. मला वाटलं, आई गेल्यावर त्यांना माझी गरजच राहिली नाही. सही करायच्या आधी येते. मे महिन्यात. सांगा त्यांना."

मी सांगितलं. मामांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. कॅफेवाला विचारायला लागला, काका, पाणी देऊ का? मामांनी हातानेच नको म्हटलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला, नाक पुसलं आणि एकदम माझ्याकडे वळले.

"सायेब, त्या खोलीत पंखा न्हाई अजून."

आणि पौडच्या बाजारात इलेक्ट्रिकचं दुकान कुठे आहे ते कॅफेवाल्याला विचारत ते रस्त्यावर उतरलेसुद्धा. चष्मा टेबलावरच राहिला होता. तो घेऊन मी त्यांच्यामागे पळालो.