नळात अडकलेली हवा

त्या दिवशी आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला आणि थंडी अशी, की माणसानं डोक्यावरून पाणी घ्यायच्या आधी दोनदा विचार करावा. आमच्या सूनबाईनं केला नाही. नव्या नोकरीचा पहिला दिवस. तिनं डोक्याला भरपूर साबण चोळला आणि नळ बंद पडला.

"आई, पाणी गेलं! उशीर झाला तर पहिल्याच दिवशी हाकलतील मला!" बाथरूममधून आरोळी आली.

मी स्वयंपाकघरातला नळ उघडला. तो फुसफुसला आणि गप्प बसला. मी लगेच ओळखलं. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण जन्मभर सायकलच्या ट्यूबा फुगवल्यात. (फुगवल्यात कमी, फोडल्यात जास्त, असं आमची ही म्हणते.) हवा मला कळते. काल गच्चीवरची टाकी धुतली, तेव्हा पाइपात हवा शिरली. आता ती वाट अडवून बसलीय.

"प्लंबरला बोलवा," ही म्हणाली.

"कशाला? खालून पंप मारतो. हवा वर टाकीत गेली, की पाणी आपसूक उतरेल."

"का हो, नळ पंक्चर झालाय?"

मी मनावर घेतलं नाही. बाकीचे सगळे नळ बंद करायला लावले, सायकलच्या पंपाची नळी चिंधीनं स्वयंपाकघरातल्या तोटीला करकचून बांधली आणि दांडा दाबू लागलो. आधी सोपं गेलं. मग हवा आत दाटली आणि उलटी जोर करू लागली. मी दांडा खाली दाबावा, दांड्यानं मला वर उचलावं!

"बाबा, साबण डोळ्यांत जातोय!"

"धीर धर पोरी, दाब चढतोय!"

"माझापण चढतोय," ही म्हणाली.

शेवटी मी सगळा देह दांड्यावर टाकला. एकाएकी दांडा सपकन खाली गेला आणि मी फरशीवर बसलो. पाइपात गडगड झाली, सूनबाईनं बाथरूममधला नळ उघडताच तो खोकला, खाकरला आणि धो धो वाहू लागला.

"आलं! बाबा, तुम्ही ग्रेट आहात!"

हिनं स्वतः हात देऊन मला उठवलं. (लग्नानंतर पहिल्यांदाच.) चहाही न मागता आला. यापुढे बिल्डिंगमधले सगळे नळ मीच बघेन, असं मी जाहीर करून टाकलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरचा शेजारी उभा, नखशिखान्त भिजलेला.

"काका, काल टाकी धुतल्यावर वरचा वॉल्व्ह उघडायलाच विसरलो मी. आत्ता जाऊन उघडला आणि टाकीत वाकून बघतोय, तर टाकीनं माझ्या तोंडावर गुळणी टाकली हो! तुमच्याकडे आलं ना पाणी?"