कोपरला भविष्य आहे

रविवारी दुपारी साडू जेवायला येणार हे कळल्यापासून गोविंदा केण्यांच्या छातीत जळजळ सुरू झाली होती. गोदाने ओवा दिला, लिंबू-सोडा दिला. पण साडूवर ओवा चालत नाही.

साडू म्हणजे कमलेश, गोदाच्या धाकट्या बहिणीचा, शालनचा नवरा. राहायला ठाण्यात टेंभी नाक्यावर, पण पसारा भारतभर. आसामात चहा, ओडिशात कोळंबी, तामिळनाडूत पवनचक्क्या, राजस्थानात संगमरवर. कमलेश स्वतः कधी कसाऱ्याच्या पुढे गेला नव्हता. त्याचा पैसा मात्र देशाटन करून धष्टपुष्ट होऊन घरी यायचा. केण्यांचं सगळं खाडीकाठच्या कोपर गावात. कोपरचं घर, कोपरच्या भाड्याच्या खोल्या आणि विठ्ठल मंदिराला लागून असलेली एक मोकळी जागा.

त्या जागेवर दरवर्षी हरिनाम सप्ताहाचा मांडव उभा राहायचा. गेल्या वर्षी काल्याच्या कीर्तनात खडवलीच्या कान्हामहाराजांनी असा काही गजर लावला, की टाळ वाजवता वाजवता गोविंदांचे डोळे भरून आले आणि माईक हातात घेऊन त्यांनी ती जागा कीर्तनाच्या पक्क्या मंडपासाठी पांडुरंगाला देऊन टाकली. तेव्हापासून गोदा मंडपाची वाट पाहत होती. खाडीवरचा वारा दोनदा मांडवाचं कापड घेऊन पळाला होता आणि ताडपत्रीवर बसून बसून तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते. बक्षीसपत्र तयार होतं. गुरुवारी जाऊन सही करायची, एवढंच राहिलेलं.

कमलेश शालनला घेऊन आला तो गळ्यात कुठल्याशा परिषदेचा बिल्ला अडकवूनच.

"अरे, काढायचा राहिलाच की!" तो म्हणाला, आणि तरीही त्याने तो काढला नाही. "साडूभाऊ, काल इन्व्हेस्टर मीट होती. एकेका राज्याचा स्टॉल! एसी काय, कोफी काय! तुम्ही पण टाका की कुठेतरी."

"मी कशाला कुठे टाकू? मी माळकरी माणूस."

"माळेचा काय संबंध? पैसा काय कोळंबी खातो?"

"तुझा खातो ना, ओडिशात."

गोदा पदराआड हसली. शालनला ते आवडलं नाही. "ताई, ह्यांना तिथे ‘सर’ बोलतात गो. ‘सर, इथून या. सर, इथे बसा.’"

गोविंदांच्या घशात भाकरी अडकली. त्यांना आयुष्यात एकदाच एका कुरिअरवाल्याने ‘सर’ म्हटलं होतं, आणि ते पार्सल शेजारच्यांचं निघालं होतं.

जेवणं झाल्यावर कमलेश फोन कानाला लावून ओटीवर गेला. गोविंदा बडीशेपेची डबी घेऊन मागोमाग निघाले आणि दारातच थबकले.

"हां बंटी, ऐक," कमलेश त्याचे पैसे लावणाऱ्या दलालाशी दबक्या आवाजात बोलत होता. "चाय काढ, कोळंबी काढ. सगळं काढ आणि कोपरमध्ये टाक... अरे, कोपरला भविष्य आहे बाबा! गाड्यावाल्यांना कोपर लागणार, सोलारवाल्यांना कोपर लागणार. आणि कोणाला बोलू नको. लोकांना कळायच्या आत घेऊन ठेवायचं."

डबीचं झाकण खाली पडलं. कमलेश वळला. त्याची नजर गोविंदांवरून मंदिराकडे गेली.

"साडूभाऊ, ती बाजूची जागा अजून तुमच्याच नावावर ना?"

"का?"

"नाय, गाडी तिथे लावलीय म्हणून."

पाहुणे गेले. गोविंदा झोपाळ्यावर बसले ते संध्याकाळपर्यंत उठलेच नाहीत. शेवटी गोदाच बाहेर आली.

"अहो, पोटात दुखतंय का?"

"गोदे, त्याने आसाम सोडलं, ओडिशा सोडलं. अख्खा भारत सोडून तो कोपरमध्ये येतोय! आणि कोपरच्या माणसाला सांगत नाय!"

"कोण येतंय कोपरमध्ये?"

"तुझा भाऊजी! माझ्या घरी जेवतो आणि माझ्याच नाकाखाली जागा घेतो."

"घेऊ दे की. आपण गुरुवारी सही करून मोकळे होऊ."

"गुरुवारी दिवस चांगला नाय."

"गुरुवार?"

"या आठवड्यातला नाय," गोविंदा म्हणाले आणि देवघराकडे पाठ करून बसले.

सोमवारी सकाळी ते स्टेशनजवळच्या भावेशकडे गेले. भावेश जागांची दलाली करायचा आणि त्याचा धंदा एकाच गोष्टीवर उभा होता: जे ठाऊक नाही त्याच्यावर गंभीरपणे मान डोलवायची.

"भावेश, कोपरमध्ये काय चाललंय रे?"

भावेशला काहीही ठाऊक नव्हतं. त्याने शटरकडे बघितलं, मग हळूच म्हणाला, "काका, तुम्हाला पण कळलं?"

"म्हणजे खरंय!"

"मी काय बोललो नाय हां. पण काका, तुमच्यासारखा माणूस स्वतः विचारायला येतो, म्हणजे बघा."

"गाड्यावाले येतात बोलतात. सोलारवाले पण."

"मी तेच बोलणार होतो," भावेश म्हणाला.

गोविंदा चपला घालून वळेपर्यंत भावेशने दोघांना फोन केले होते. दुपारपर्यंत कोपरला गाड्यांचा कारखाना आला. संध्याकाळी त्याला माल न्यायला खाडीवर जेट्टी आली. दुसऱ्या दिवशी दूधवाला म्हणाला की जेट्टी कॅन्सल, डायरेक्ट बंदर. ज्याच्या त्याच्या डोळ्यांत शेजाऱ्याची जागा सलायला लागली. ‘त्याची रस्त्याला आणि माझी आत, हा कुठला न्याय?’ असं लोक मंदिराच्या पायरीवर बसून पांडुरंगालाच ऐकवू लागले. गोविंदांनी आपल्या जागेला काटेरी तार मारून घेतली आणि वर पाटी लावली: ‘ही जागा खासगी मालकीची आहे.’ ते पाहून पलीकडच्याने तार मारली. त्याचं पाहून त्याच्या चुलतभावाने मारली, त्याच्याहून एक फूट उंच. आठवड्याभरात कोपरमध्ये सप्ताहाच्या मांडवाचा एक बांबू रोवण्यापुरतीही मोकळी जागा राहिली नाही.

गोदाने नवऱ्याशी बोलणं टाकलं. जे काही सांगायचं ते ती देवघरातून सांगायची. "पांडुरंगा, भाजीत मीठ कमी असलं तर तूच सांग बाबा. बाकी या घरात बोलण्यासारखं कोणी उरलं नाय."

एकदा तिने फोनवर शालनपुढे मन मोकळं केलं. "अगो, देवाला दिलेल्या जागेला तार मारली ह्यांनी! बोलतात, कोपरला भविष्य आहे."

शालनने ते जेवताना कमलेशला सांगितलं. कमलेशचा घास हातातच राहिला. आयुष्यात दमडी कुठे न लावणारा माणूस तार मारतो? पाटी लावतो? आणि साडूला एका शब्दाने सांगत नाही? त्या रात्री टेंभी नाक्यावरही कोणाच्या तरी छातीत जळजळ झाली.

सप्ताह मंदिराच्या गाभाऱ्यापुढच्या चिंचोळ्या जागेत कसाबसा उरकत आला. टाळकरी एकमेकांच्या पायांवर उभे. मृदंगवाला दाराच्या चौकटीत. बायका थेट रस्त्यावर. रिक्षा आली की सगळ्यांनी उठायचं, रिक्षा गेली की बसायचं. काल्याच्या दिवशी कान्हामहाराजांनी उपरणं सावरलं, तारेकडे एकदा बघितलं आणि सुदाम्याच्या पोह्यांना हात घातला. महाराजांचा आवाज असा, की पुरचुंडीची गाठ सुटताना ऐकणाऱ्याचं काळीज सुटतं. मागच्या रांगेत गोविंदांच्या हातातले टाळ मात्र उगाच वाजत होते. त्यांची नजर होती दाराकडे. दारात कमलेश उभा होता, गळ्यात अजून तोच बिल्ला, नुकत्याच आंघोळ घातलेल्या बाळासारखा खुशीत.

गर्दीतून वाट काढत तो गोविंदांच्या कानाशी आला. "साडूभाऊ, मी पण घेतली हां."

"काय?"

"जागा. तुम्ही सांगितलं नाय म्हणून काय आम्हाला कळणार नाय? मंदिराच्या मागची, खाडीकडची. भावेशने करून दिली. सगळं कोपर विकलं आणि कोपरमध्ये टाकलं."

"काय विकलं?"

"कोपर."

"आणि घेतलं?"

"कोपर."

"म्हणजे फिरून तेच?"

"अहो, ते कोपर नाय, कोपर! तांबं! इंग्लिशमध्ये तांब्याला काय बोलतात?"

गोविंदांच्या हातातले टाळ थांबले. "त्या दिवशी ओटीवर... बंटीला..."

"तांबंच बोलत होतो. तांब्याच्या कंपन्या. गाड्यांना तांबं लागतं, सोलारला लागतं. मग तुम्ही तार कशाला मारली?"

"तू कोपरमध्ये येतोस म्हणून!"

"मी तर तुम्ही तार मारली म्हणून आलो!"

मग गोविंदांना दुसरं काहीतरी सुचलं आणि पंधरा दिवसांनी पहिल्यांदा त्यांच्या छातीत गार वाटलं. "खाडीकडची बोललास ना? भावेशने कधी दाखवली? ओहोटीला?"

"सकाळी. का?"

"भरतीला जा. पाण्यातल्या चिंबोऱ्या तुला ‘सर’ बोलतील!"

आणि गोविंदा हसले. तोंडावर हात ठेवायचा विसरून, पोट धरून हसले. मृदंग थांबला. सगळं कीर्तन मागे वळून बघायला लागलं.

"केणे," कान्हामहाराज शांतपणे म्हणाले, "सुदामा देवाच्या दारात उभा आहे. हसण्यासारखं काय झालं ते आम्हालाही सांगा."

गोविंदांनी तोंड उघडलं, पण कमलेशने झडप घालून माईक हातात घेतला. टेंभी नाक्याच्या माणसाला कोपरच्या भर कीर्तनात स्वतःचं हसं करून घ्यायचं नव्हतं.

"महाराज, ते आनंदाने हसले," तो म्हणाला. "मी त्यांना सांगितलं, की मागची जागा मी पांडुरंगासाठीच घेतली. मी ती देवाला देतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर उठला. महाराजांनी हात जोडले. "वा! भरतीला पाणी येतं म्हणतात तिथे. येऊ दे. कोपरला चंद्रभागाही मिळाली." कोणीतरी कमलेशच्या गळ्यात हार घातला आणि बिल्ला हाराखाली दडला.

गोविंदा बघत राहिले. खेकड्या-चिंबोऱ्यांची जागा देऊन हा हार नेतो? माझ्या गावात, माझ्या विठ्ठलापुढे? छातीतली जळजळ घशाशी आली. त्यांनी माईक अक्षरशः ओढून घेतला.

"महाराज, माझी जागा रस्त्याला आहे!" ते ओरडले. "कोरडी आहे! आजच तार काढतो. उद्या सकाळी सही. मंडप माझ्याच जागेवर होणार!"

रस्त्यावरून बायकांचा आवाज आला. गोदा रिक्षा नसतानाही उठून उभी राहिली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि पंधरा दिवसांनी त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलली. "अहो, उपरणं सरळ करा, फोटो काढतायत."

गोविंदांच्याही गळ्यात हार पडला. आणि नेमका त्याच वेळी भावेश धापा टाकत गर्दीत घुसला.

"काका! काका, थांबा! पार्टी आलीय! शोरूमवाले. सगळीकडे बोलबाला झालाय ना, म्हणून कोपरमध्ये जागा बघतायत. तुमचीच पाहिजे. बोलाल तो भाव!"

गोदाने पदर घट्ट धरला. गोविंदांनी एकदा भावेशकडे पाहिलं, एकदा विठ्ठलाकडे, आणि मग सावकाश कमलेशकडे.

"ह्याच्या जागेला विचारलं का त्यांनी?"

"त्या खाडीतल्या? छे! फुकट दिली तरी नको बोलले."

गोविंदांचा चेहरा समईसारखा उजळला. त्यांनी माईक भावेशच्या हातात दिला.

"जागा देवाची झाली, त्यांना सांग. पण भाव काय देत होते, तो इथे मोठ्याने बोल. आणि जरा साडूच्या बाजूला तोंड करून बोल."