धोंड्याचं घड्याळ

"उगाच काही खर्च करू नका मामा. आणि करणारच असाल, तर साधं घड्याळ नको. क्रोनोग्राफ द्या," असं धाकटे जावई मुकुंदराव पुण्याहून फोनवर म्हणाले. काकासाहेबांनी "हो हो, तर!" म्हणून फोन ठेवला आणि बायकोला हाक मारली.

"अगं, क्रोनोग्राफ म्हंजी काय?"

सरूबाई अनारशांसाठी भिजवलेले तांदूळ फडक्यावर पसरत होत्या. "मला काय ठावं? डाक्टर छातीला वायरी लावून काढतात, ते का?"

"ते जावयाला कशाला देऊ? ते माझं काढायची येळ येईल."

अधिक महिना लागला होता. या महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि जमेल ते त्याच्या हातावर ठेवायचं, असा नेम आहे. यातलं 'जमेल ते' ज्या कोणा शहाण्यानं घातलं, त्याला लेकी नसाव्यात. चितेगावच्या कंपनीत स्टोअर सांभाळणाऱ्या काकासाहेबांना दोन होत्या. थोरली आवडा अकरा वर्षांपूर्वी फुलंब्रीकडं दिलेली. तिचा नवरा रामकिसन शेतकरी. सहा एकर कोरडवाहू, दोन बैल आणि तोंडात शब्द कमी. त्यानं अकरा वर्षांत सासऱ्याकडं एकदाच काहीतरी मागितलं होतं, ते म्हणजे तंबाखूला चुना. धाकटी कालिंदी गेल्याच हिवाळ्यात मुकुंदरावांना दिली. मुकुंदराव पुण्यात मोटारींच्या कंपनीत, ऑफिसात बसून. त्यामुळे थोरला जावई घरात नुसता 'रामकिसन' होता आणि धाकट्याला 'राव' लागत होतं. हे कोणी ठरवलं नव्हतं, आपसूक झालं होतं. अशा गोष्टी आपसूकच होतात आणि म्हणून तर जास्त लागतात.

दुसऱ्या दिवशी कालिंदीचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती. "दादा, ह्यांच्या थोरल्या भावाला धोंड्यात सासरहून सोन्याची अंगठी आली. सासूबाई दिवसातून दोनदा काढतात तो विषय. माझी मान खाली जाऊ देऊ नका."

लेकीची मान म्हटल्यावर बापाचं सगळं गेलंच. काकासाहेबांनी पिशवी उचलली. दारात सरूबाईंनी अडवलं. "आवो, दोघं एकाच दिशी, एकाच पंगतीला बसनार हायेत. एकाला घड्याळ आन् दुसऱ्याला टॉवेल-टोपी, असं चालायचं नाय. दोघांला सारखं आना. देवबी बघतो आन् भावकीबी बघती."

"देवाचं मी बघून घेतो," काकासाहेब म्हणाले. भावकीबद्दल ते काही बोलले नाहीत.

छावणीच्या बाजारात अझीमभाईंचं घड्याळांचं दुकान होतं. अझीमभाई तीस वर्षं त्याच गादीवर बसलेले. सच्चा माणूस, आणि सच्च्या माणसाचा असतो तितका ताप. त्यांनी काचेवर एक घड्याळ ठेवलं. काळी तबकडी, तिच्यात तीन छोट्या तबकड्या, बाजूला दोन बटनं. काकासाहेबांना ते मोटारसायकलच्या मीटरसारखं दिसलं, म्हणजे भारीच असणार.

"ये असली क्रोनोग्राफ है साब. पन एक बात समझो. ये लंबा काँटा देखो. बारा पे खडा है. बटन दबाए तो दौडता, फिर दबाए तो रुकता. दौड का वक्त नापने के वास्ते. घडी का खुद का सेकंद इधर नीचे, छोटे डायल में."

"म्हंजी लांब काटा एरवी उभाच?"

"उभाच! असली की येच पहचान है."

किंमत ऐकून काकासाहेबही थोडा वेळ उभेच राहिले. घासाघीस करून करून साडेचार हजारांवर गाडी थांबली. अशी दोन म्हणजे महिन्याच्या पगारातून उरलं काय? तेव्हा अझीमभाईंनी खालच्या खणातून दुसरं काढलं. तीच काळी तबकडी, तशाच तीन छोट्या, तीच दोन बटनं. "ये साडेपाँच सौ. सूरत वही है. छोटे डायल छापे हुए हैं, बटन नाम के वास्ते. लंबा काँटा सीधा सेकंद का, टिकटिक चलता."

काकासाहेबांनी दोन्ही शेजारी धरून पाहिली. मनात आलं, 'रामकिसनला काय कळतंय!' आलं ते कुठंही अडखळलं नाही. अकरा वर्षांत ती वाट चांगली मळलेली होती. त्यांनी एक भारी घेतलं, एक हलकं घेतलं आणि दोन्हीला एकसारख्याच पेट्या मागितल्या.

पेट्या देता देता अझीमभाई म्हणाले, "साब, बुरा मत मानो. दोनो को एक जगह मत रखना."

"काहून?"

"असली के बाजू में नकली ज्यादा चमकता."

आता कोणाला वाटेल, पेट्यांची अदलाबदल झाली आणि पुढचा घोटाळा झाला. छे! काकासाहेब स्टोअरचा माणूस. त्यांनी भारी पेटीच्या तळाला पेनानं बारीक फुली मारली होती. उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत जावई पाटावर बसले, सरूबाईंनी ओवाळलं, अनारशांची ताटं पुढं आली, तेव्हा फुलीची पेटी बरोबर मुकुंदरावांच्या हातात गेली आणि बिनफुलीची रामकिसनच्या. चूक झाली नाही, म्हणूनच पुढचं सगळं झालं.

दोघांनी घड्याळं बांधली. आवडा नवऱ्याच्या मनगटाकडं बघतच राहिली. शेजारच्या वच्छलाबाई मुद्दाम बघायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दोघांला एकसारखं! याला म्हनतात बाप." आवडानं पदरानं डोळे टिपले. काकासाहेबांनी तिची नजर चुकवली आणि रामकिसनच्या ताटात आणखी एक धोंडा वाढला.

तेवढ्यात मुकुंदरावांनी घड्याळ कानाला लावलं. मग डोळ्यांजवळ नेलं. मग रामकिसनच्या मनगटाजवळ नेलं.

"मामा, माझा सेकंद काटा चालत नाही."

मुकुंदरावांनी क्रोनोग्राफ पाहिलेला होता तो त्यांच्या साहेबांच्या हातात, टेबलाच्या पलीकडून. साहेबांनी तो हात कधी जवळ येऊ दिला नव्हता.

"चालतो की!" काकासाहेब पुढं सरसावले. "हे बटन दाबा. हां. पळाला का नाय?"

काटा पळाला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "आता पुन्ना दाबा. थांबला का नाय?"

थांबला. मुकुंदराव त्याच्याकडं बघत राहिले. "म्हणजे हा दाबल्यावरच चालणार?"

"व्हय."

"मग साडूभाऊंचा न दाबता कसा चालतोय?"

"त्याचं काय हाय मुकुंदराव, जे खरं..." आणि काकासाहेबांनी पुढचं गिळलं.

"जे खरं, काय?"

"जे खरं... खरं म्हंजी, तुमचं लई भारी हाय."

"भारी आहे म्हणून बंद आहे? मग साडूभाऊंचं हलकं आहे का?"

सगळे काकासाहेबांकडं बघू लागले. एका बाजूला कालिंदी ओठ चावत उभी होती, दुसऱ्या बाजूला आवडा. धाकटीची मान वर काढायची तर थोरलीची कापायला लागत होती, तीही वच्छलाबाईंच्या देखत. साडेचार हजार मोजून माणसानं तोंड दाबून बुक्क्यांचा मार विकत आणला होता.

"नाय नाय! दोन्ही सारखीच हायेत," काकासाहेब म्हणाले.

"सारखीच असतील तर मग माझंच बिघडलेलं आलं." मुकुंदरावांनी घड्याळ काढून ताटाशेजारी ठेवलं. "असू द्या मामा. पहिलाच धोंडा आहे. बंद घड्याळानं सुरुवात झाली, एवढंच."

"असं अभद्र बोलू नये जावईबापू," सरूबाई रडवेल्या झाल्या. नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "आवो, घेताना बघून तरी घ्यायचं! स्टोअरात नट-बोल्ट मोजून घेता ना?" कालिंदी तडक आतल्या खोलीत गेली आणि आतून हुंदका आला. वच्छलाबाई निघायच्या बेतात होत्या, त्या पुन्हा टेकल्या.

आणि मग रामकिसननं हातातलं घड्याळ सोडलं. धोतरानं काच पुसली आणि मुकुंदरावांपुढं धरलं. "हे घ्या मुकुंदराव. माझं चालू हाय. ते बंद असू द्या माझ्याकडं. मला रानात सूर्य हाय की."

"नको नको, असं कसं, साडूभाऊ!" मुकुंदराव म्हणाले. रीत एकदा नाही म्हणायची आहे; त्यांनी ती पाळली आणि घड्याळ घेतलं. टिकटिक बघून त्यांचा चेहरा फुलला. कालिंदीला बाहेर बोलावून त्यांनी मनगट दाखवलं, तीही हसली. पंगत पुन्हा सुरू झाली. साडेपाचशेचं घड्याळ मिरवत ते पुण्याला गेले आणि साडेचार हजारांचं रामकिसनच्या बंडीच्या खिशातून एस.टी.नं फुलंब्रीकडं गेलं.

काकासाहेबांना आधी घाम फुटला होता. पण बसून विचार केला तसं त्यांना बरं वाटायला लागलं. ज्याला द्यायला हवं होतं त्यालाच भारी गेलं, परस्पर! देवाच्या घरी न्याय आहे म्हणतात तो असा. संध्याकाळच्या चहापर्यंत तर त्यांना असंही वाटू लागलं, की आपल्या मनात मुळात हेच होतं. माणूस स्वतःला फार लवकर माफ करतो, त्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

आठ दिवसांनी आवडा एकटीच आली. पाणीही न घेता तिनं पिशवीतून घड्याळ काढून बापापुढं ठेवलं.

"दादा, हे बदलून आना. मी ह्यांना सांगितलं नाय, ते म्हनतील राहू दे. पन जाऊ मला रोज टोचती. म्हनती, पुन्याच्या लेकीला चालू आन् आमच्या घरी बंद. मी अकरा वर्सांत काय मागितलं का तुमाला?"

"अगं, ते बंद नाय. ते बटन दाबलं की..."

"मला नगं ते बटन! समद्यांचं आपोआप चालतं, तसं द्या. कालिंदीकडं गेलं ना, अगदी तस्संच."

'कालिंदीकडं गेलं ते नकली हाय' असं सांगायला काकासाहेबांनी तोंड उघडलं. पण त्याच्यामागून येणारा प्रश्न त्यांना दिसला: मग नकली आधी माझ्या नवऱ्याच्या हातात कसं होतं, दादा? त्यांनी तोंड मिटलं, पिशवी उचलली आणि छावणी गाठली.

अझीमभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "असली देके नकली लेना? तीस साल में उल्टा देखा, साब, ये पहली बार देख रहा हूं."

"द्या हो मुकाट्यानं."

"पैसा वापस नहीं होता. माल ले लो बदले में." फरकात काय घ्यावं हे काकासाहेबांना सुचेना. शेवटी लंबकाचं एक भिंतीवरचं घड्याळ, गजराची दोन आणि कोंबडा दाणे टिपतो असं एक, एवढं सगळं छातीशी धरून ते रिक्षात बसले. वाटेत कोंबडा अचानक आरवला. रिक्षावाला हसला, काकासाहेबांनी त्याच्यावर उगाच तोंड टाकलं.

तिसऱ्या प्रहरी आवडाला न्यायला रामकिसन मोटारसायकलवरून आला. आवडानं उंबऱ्यातच त्याच्या हातात नवं घड्याळ बांधलं. "बघा, कसं चालतंय! दादांनी बदलून आनलं." आणि हौसेनं चहा टाकायला आत गेली.

रामकिसन खाटेवर बसला. त्यानं बाजूचं बटन दाबलं. काटा आपल्या चालीनं चालत राहिला. त्यानं पुन्हा दाबलं, मग दुसरं दाबलं. मग हात मांडीवर ठेवला.

"मामा, पहिलं कुठं हाय?"

"दुकानात दिलं. ते बंद व्हतं ना, म्हनून..."

"बंद नव्हतं." रामकिसनचा आवाज चढला नाही. चढला असता तर काकासाहेबांना सोपं गेलं असतं. "आमच्याकडं शंकरपट असतो. जोडी पळवायची आन् सेकंद मोजायचे. मी रोज पहाटं बैलं पळवून त्याच्यावर मोजत व्हतो. लई नामी चीज व्हती. पाव सेकंदसुदिक दावायचं."

"मग तू... तुम्ही बोललात काहून नाय?" अकरा वर्षांत पहिल्यांदा काकासाहेबांच्या तोंडून 'तुम्ही' निघालं आणि त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. "आत्ता जातो. परत आनतो."

"नगा जाऊ. पुन्ना बदललं तर आवडा इचारल का बदललं म्हनून. मग काय सांगाल?" रामकिसननं मनगट जरा फिरवून पाहिलं. "तुम्ही पाटावर मला हेच दिलं व्हतं. फिरून फिरून माझं मलाच आलं. असू द्या."

आतून कपबश्यांचा आवाज जवळ आला, तसा रामकिसन पुढं झुकून हळूच म्हणाला, "आवडाला मातर कळू देऊ नगा, मामा. या धोंड्याला बापानं दोघी लेकी सारख्या धरल्या, असं सांगत फिरती ती गावभर."

आवडा चहा घेऊन बाहेर आली. नवऱ्याचा हात तिनं उजेडात धरला. "शोभून दिसतंय ना, दादा?"

"लई," काकासाहेब म्हणाले, आणि बशी तोंडाला लावली.