बसल्याशिवाय निघू नकोस

पृथ्वीवर परत निघायच्या आदल्या दिवशी रोदियोननं अंतराळ स्थानकातून आईला फोन केला आणि तिथंच घोळ झाला. आईचं, म्हणजे कपितोलिनाबाईंचं, सांगणं एवढंच, की निघण्याआधी मिनिटभर खाली टेकून गप्प बस. रशियातल्या त्यांच्या कलुगा गावात माणूस साधं बहिणीकडं निघाला तरी बॅग दाराशी ठेवून आधी टेकतो. न बसता निघालेल्याचं काय होतं, ते बाई तोंडातूनही काढत नसत.

“आई, इथं बसता येत नाही गं. बूडच टेकत नाही.”

“का? खुर्च्या नाहीत?”

“वजनच लागत नाही ना. आम्ही सारखे खाली पडतोय, म्हणून...”

आणि फोन कटला.

बाईंच्या कानात ‘पडतोय’ एवढंच राहिलं. कोबीचं सूप उकळतं सोडून त्या सपाता फटफटवत वरच्या मजल्यावर एम्माबाईंकडं गेल्या. एम्माबाईंनी शाळेत जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलेलं. निवृत्तीनंतर आयता विद्यार्थी सापडल्यावर त्या कसल्या सोडतात. त्यांनी प्लास्टिकच्या बाटलीला बुडाशी भोक पाडलं, पाणी भरलं आणि धार लागताच बाटली बाल्कनीतून सोडून दिली.

“बघ, धार थांबली. बाटली पडतेय, पाणीही तिच्याबरोबरच पडतंय, मग दाबणार कोण कुणाला? तुझा रोदियोन आणि त्याची खुर्ची असेच बरोबरीनं पडतायत. बसणार कसा तो?”

खाली फट्ट झालं. बाटली इमारतीचे प्रमुख प्रोखोर इलिच यांच्या टोपीवर फुटली होती.

“आणि हे असं झालं तर?” कपितोलिनाबाईंनी कठड्यावरून वाकून फुटलेली बाटली बघितली.

“नाही होत. यान आडवं इतकं जोरात धावतं, की ते जेवढं खाली येतं तेवढी जमीनही खाली वळत जाते.”

“म्हणजे जन्मभर नुसतं पडत राहायचं? मग घरी कधी यायचं त्यानं?”

वेग कमी केला की येतो, असं एम्माबाई समजावत होत्या, तेवढ्यात प्रोखोर इलिच निथळत भांडायला वर आले. पण पोरगं न बसताच निघणार हे ऐकून त्यांचा राग कुठल्या कुठं गेला. त्यांनी ओळखीपाळखी काढून थेट नियंत्रण केंद्रात फोन लावला. तिथला अधिकारी हसेल असं वाटलं होतं; तो मात्र गंभीर झाला. परतीच्या यानात सगळ्यांना पट्ट्यांनी आसनाला बांधतात, मावशी, ते बसल्यातच धरा, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. बांधणं वेगळं आणि बसणं वेगळं, असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सगळी इमारत त्यांच्या टीव्हीपुढं जमली. यानाची हवाई छत्री उघडली, यान गवताळ माळावर टेकलं, रोदियोनला धडधाकट बाहेर काढलं. एम्माबाईसुद्धा रडल्या. कपितोलिनाबाईंचा जीव भांड्यात पडला.

मग वजनाची सवय सुटलेल्या रोदियोनला तिथल्या चौघांनी अलगद उचललं, माळावरच मांडलेल्या एका खुर्चीत बसवलं आणि अंगावर पांघरूण घातलं. तो गप्प बसून राहिला.

कपितोलिनाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

“बसवलं त्याला,” त्या म्हणाल्या. “आता आणखी कुठं धाडताय माझ्या पोराला?”