शंकासुराची अचानक तपासणी

लेकीचं विद्यापीठ आपण स्वतः तपासायचं, असं बापानं ठरवलं आणि तिथंच घात झाला.

खरं तर तपासायला काही उरलं नव्हतं. लेकीनं सगळं शोधून ठेवलं होतं. एका रात्रीच्या प्रवासावरचं, फादर आणि सिस्टर मिळून चालवत असलेलं कॅथलिक विद्यापीठ, आणि इतकं चिमुकलं की माहितीपुस्तिकेतल्या एकाच फोटोत सगळे विद्यार्थी मावले होते. बापाला त्या फोटोचीच शंका आली. बाकीचे गेले कुठे?

बाप विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायचा. हे काम करून करून त्याला कुठलीही इमारत आधी जळालेली दिसायची आणि मग उभी असलेली. ऑफिसात त्याला शंकासुर म्हणत. (तोंडावर. पाठीमागे काय म्हणत ते सांगण्यासारखं नाही.) लेक मतदानाच्या वयाची झाली तेव्हा कुठे त्यानं तिला गॅस पेटवू दिला, तोही शेजारी पाण्याची बादली घेऊन उभं राहून.

"एवढ्याशा विद्यापीठाचं नाव कोणी ऐकलंय? नोकरी कोण देणार? फी भरली आणि ते मध्येच बंद पडलं तर?" मग आवाज खाली आणून, "आणि पोरगी तिथं संसार नाकारून सिस्टर होऊन बसली तर?"

"तिला सकाळी उठवता उठवता माझा जीव जातो," बायको म्हणाली. "सिस्टर व्हायला पहाटे उठावं लागतं. तुम्ही निर्धास्त राहा."

निर्धास्त हा शब्द बापाच्या कोशात नव्हता.

मुलाखतीच्या दिवशी तिघंही तिथं पोचले. मुलाखत विद्यापीठाचे प्रमुख फादर स्वतः घेणार होते, निकालही लगेच. जागा मोजक्या होत्या आणि लेकीच्या मनात दुसरं विद्यापीठच नव्हतं. दारात ती बापाकडे वळली.

"बाबा, माझ्यासाठी एक कराल? काहीही करू नका."

बापानं मान डोलावली आणि मायलेकी आत गेल्या-न गेल्या तोच मागच्या वाटेनं निघाला. पुढच्या दारानं गेलं की लोक दाखवतात तेच दिसतं, ही त्याची धंद्यातली शिकवण. आग नेहमी मागच्या बाजूला लागते.

मागच्या बाजूला चॅपल होतं, विद्यापीठाचं छोटंसं प्रार्थनाघर. आत चिटपाखरू नव्हतं. भिंतीला लागून एक लाकडी कपाट उभं होतं, माणसापेक्षा उंच, दारांना बारीक नक्षी. बापानं लगेच ताडलं. लाकडी कपाटात विजेचे मीटर! त्यानं मधलं दार उघडलं. मीटर नव्हते. एक खुर्ची होती, शेजारी जाळी आणि एक बटण. बटण दिसलं की दाबून बघायचं, ही दुसरी शिकवण. त्यानं दाबलं. आत काही झालं नाही. (बाहेर झालं. दारावर हिरवा दिवा लागला. फादर पापांची कबुली ऐकायला बसले आहेत, असा त्याचा अर्थ. पण बाप आत होता, त्याला बाहेरचं काय दिसणार?)

तेवढ्यात पावलं वाजली. चोरासारखं सापडायला नको म्हणून बापानं दार ओढून घेतलं आणि खुर्चीत अंग चोरून बसला. जाळीपलीकडे कोणीतरी गुडघे टेकले.

"फादर, मला क्षमा करा. माझ्या हातून पाप घडलंय."

आपण कुठं बसलोय ते आत्ता बापाच्या ध्यानात आलं. उठून पळावं असं त्याला वाटलं. पण पलीकडे एक खरीखुरी विद्यार्थिनी होती, पुस्तिकेतल्या फोटोत हसणारी नव्हे. भीती आणि धंदा यांची जुंपली, आणि धंदा जिंकला.

"पाप राहू दे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मेसचं सांग."

पलीकडे मुसमुसणं सुरू झालं. "तुम्हाला कसं कळलं, फादर? मी मेसमधले पाव चोरले."

"का? पोटभर देत नाहीत?"

"देतात. फाटकापाशी कुत्री व्यायलीय, तिच्यासाठी नेले."

जेवण ठीक दिसत होतं. बाप पुढच्या मुद्द्याकडे वळला. "बरं, आग लागली तर काय करशील?"

पोरगी हमसून हमसून रडायला लागली. "चार पावांसाठी मला नरकात टाकणार, फादर?"

"अगं नाही, नाही. वसतिगृहातली आग. जिने किती आहेत?"

"दोन. आणि बाहेरून एक लोखंडी."

"मग रडतेस काय? सगळं माफ. जा."

गेली ती थेट मैत्रिणींकडे. चॅपलमध्ये नवे फादर आलेत, आगीची धमकी देतात पण लगेच माफ करतात! परीक्षा तोंडावर आलेली, सगळ्यांनाच मन हलकं करायचं होतं. बघता बघता रांग लागली.

दुसरी मुलगी शेवटच्या वर्षाची होती. तोंड उघडायच्या आतच बापानं विचारलं, "गेल्या वर्षी पास झालेल्यांचं काय झालं?"

"बहुतेक सगळे नोकरीला लागले, फादर. माझी बहीणसुद्धा. इथल्या बाई अजून तिला फोन करून विचारतात, जेवतेस ना वेळेवर."

"आणि सिस्टर किती झाल्या?"

"आमच्या वर्गात एक आहे."

"एक!"

"पण ती आली तेव्हाच सिस्टर होती."

बापानं तिलाही माफ करून पाठवलं. मग एक म्हातारा, धीमा आवाज आला.

"मी इथला प्रमुख. आज या खुर्चीत बसायची पाळी माझी होती."

गेली पोरीची जागा. आपल्या हातानं घालवली.

"तुमच्या मुलीनंच पाठवलं मला," आवाज म्हणाला. "म्हणाली, बाबा दिसत नाहीत, तेव्हा जे दार उघडायचं नसतं त्यामागे बघा. एवढी कसली भीती वाटते तुम्हाला?"

जाळीतून चेहरा दिसत नव्हता. कदाचित म्हणूनच बाप बोलून गेला. "वायरिंगची वाटते, जिन्यांची वाटते. पण ते सगळं ठीक निघालं, फादर, आणि आता जास्तच वाटते. ती इथं रमेल. घरी येईल ती सुट्टीपुरती, पाहुण्यासारखी. मी कुणाच्या शेजारी बादली घेऊन उभा राहू?"



"बाहेर या," फादर म्हणाले. "माझे गुडघे दुखताहेत. आणि या सगळ्या पोरींना मला पुन्हा पहिल्यापासून ऐकायचंय."

बाप रांगेसमोरून गेला. मान वर करायची त्याची हिंमत नव्हती.

संध्याकाळी तिघांना कचेरीत बोलावलं. लेक बापाकडे बघत नव्हती, बायको फक्त त्याच्याकडेच बघत होती. फादरांनी एक कागद पुढे सरकवला. प्रवेश मिळाला होता. वसतिगृहाची फीसुद्धा निम्मी.

लेकीनं आईला घट्ट मिठी मारली. बापाचे डोळे भरून आले, पण शंका काही गप्प बसेना.

"फादर, काही चूक तर नाही ना? ही सवलत गरजूंसाठी असते. माझा पगार चांगला आहे."

"चूक नाही," फादर म्हणाले. "एरवी आम्ही घरचं उत्पन्न बघून देतो. हिला बाप बघून दिली."