तात्पुरती सोय

'कॅलेंडरची फाइल सापडत नाही.' स्क्रीनवर तीच लाल ओळ पुन्हा उमटली आणि जावयाने कपाळावर हात मारला. ऑफिसात सगळे त्याला जावईच म्हणत, कारण ग्रंथालयाचा हा जुना प्रोग्राम त्याच्या सासऱ्यांनी लिहिला होता. सासरे निवृत्त झाले आणि लेकीपाठोपाठ प्रोग्रामही याच्या पदरात पडला.

शुक्रवारपर्यंत सारं सुरळीत होतं. सोमवारपासून प्रोग्रामचे तुकडे जोडून बिल्ड करायला घेतला की तो मध्येच मान टाकत होता. नवी आवृत्ती आज संध्याकाळी ग्रंथालयाला द्यायची होती. जावयाने सगळं पुसून पुन्हा भरलं, मशीन बदललं, शेवटी खुर्चीही बदलून पाहिली.

"सासऱ्यांना विचार की," साहेब म्हणाले.

"त्यांची काय गरज? मी करतो!" जावई सगळ्यांसमोर छाती काढून म्हणाला. सासऱ्यांसमोर हार मानायची म्हणजे पुढची सगळी जेवणं तोच किस्सा ऐकत जेवायची. पण चार वाजले तेव्हा त्याने नाक मुठीत धरून फोन लावला.

"ती फाइल तिथे कशी सापडेल?" सासरे म्हणाले. "ती आपल्या हॉलमध्ये आहे."

"हॉलमध्ये?"

"ऑफिसच्या मशीनवर जागा नव्हती, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर ठेवली. बिल्ड तिथूनच उचलतो. तात्पुरती सोय हो."

"कधी केलीत?"

"तुमच्या लग्नाआधी. पण तो तर सदा चालू असतो! बंद कोणी केला?"

मागून सासूबाईंचा आवाज आला. "अहो, जावईबापूंनीच! रविवारी म्हणाले, कापडाखाली उगाच वीज खातोय. त्याचा प्लग काढून माझा टीव्ही लावून दिला. किती काळजी त्यांना माझी!"

काखेत कळसा नि गावाला वळसा! जावई घाईघाईने म्हणाला, "आई, टीव्हीचा प्लग जरा काढता का?"

"आत्ता? मालिकेत कोर्टाचा निकाल लागतोय. संपली की काढते."

"किती वेळ लागेल?" साहेबांनी विचारलं.

"निकाल लागेपर्यंत," जावई म्हणाला. मग सारं ऑफिस चहा पीत सासूबाईंच्या मालिकेची वाट पाहत बसलं.

निकाल लागला, प्लग बदलला आणि बिल्ड पहिल्याच फटक्यात पार पडला. टाळ्या वाजल्या. जावयाने फाइल ऑफिसात उतरवून घेतली. आता त्या घरच्या कॉम्प्युटरची कुणालाच गरज उरली नव्हती. तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला.

"झालं ना? मग आता पुन्हा बंद करू नका हं. ऑफिस अजून आपल्यावर अवलंबून आहे." आवाजात इतका आनंद होता की जावयाला खरं सांगवेना. त्याला ते म्हातारं माणूस एकदम फार आवडलं.

"तुमच्याशिवाय अडलंच होतं, बाबा," तो म्हणाला.

रविवारी तो एक्स्टेन्शन बोर्ड घेऊनच सासरी गेला. तेव्हापासून त्या हॉलमध्ये सासूबाईंची मालिका आणि सासऱ्यांची नोकरी, दोन्ही एकदमच चालू आहेत.