व्हायरसाचा कप

"ह्यावर तुमच्यापैकी एकाचाबी इश्वास बसायचा न्हाई," त्रिंबकआबांनी आधीच सांगून टाकलं, "आन् बसलाच, तर उसात राहून तुमची डोस्की गोड झाली म्हणायची."

समोर त्यांचा मुलगा अभिमन्यू कीबोर्ड उलटा धरून उभा होता. कीबोर्डातून मुंग्या पडत होत्या. एक-दोन नव्हे, पंगत उठावी तशा घोळक्यानं. टेबलावर चहाच्या कपांचे गोल डाग होते, एकावर एक, एकात एक. नीट पाहिलं तर ते दोन जागी होते. एक ढीग खुर्चीच्या बाजूला, दुसरा पडद्याला अगदी चिकटून.

"आबा, इश्वासाचं मंग बगू," अभिमन्यू म्हणाला. "कीबोर्डात च्या कावून गेला, ते सांगा."

"तेच सांगतोय. मधी तोंड घालू नको."

चकलांब्याच्या शिवारातली ही वस्ती दिवाळी सरली की ओस पडते. ट्रक लागतात, भांडीकुंडी चढतात, आणि पाच महिने वस्तीवर राहतात ते त्रिंबकआबा, दोन कुत्री आणि आबांच्या भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेल्या तेवीस घरांच्या किल्ल्या. अभिमन्यू बी. ए. झालेला. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं कॉम्प्युटरचं दुकान, म्हणजे फॉर्म भरून द्यायचे, सातबारा काढून द्यायचा, फोटो काढायचे. पण गिऱ्हाईकच उसाला गेल्यावर दुकानात बसून माश्या किती मारणार? म्हणून तोही बायकोला, वनमालाला, घेऊन कारखान्यावर ऊसतोडीला जायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकानं मागं राहायचं तर कोयताच मोडतो.

आणि नेमका तो कोयता मोडायचा, असं आबांनी यंदा मनाशी पक्कं केलं होतं. सकाळी ट्रकमधून वळकट्या उतरायच्या आधीच. पुढच्या साली दोघांपैकी एकानं घरी राहायचं. अडचण एवढीच होती, की तीस हंगाम ऊस तोडलेल्या, ज्याच्या भरवशावर तेवीस घरं कुलपं लावून जातात अशा माणसानं 'मला एकट्याला करमत न्हाई' हे कोणत्या तोंडानं म्हणायचं? त्याला एखादं दांडगं कारण पाहिजे होतं. तेवढ्यात कीबोर्डातून मुंग्या निघाल्या.

"बोल बे त्रिंबका, बोल," शेजारचे धुळाजी म्हणाले. तेही सकाळच्याच ट्रकनं परतले होते आणि स्वतःचं कुलूप उघडायच्या आधी इथं येऊन टेकले होते. मांजरसुंब्याला गाडी थांबली तेव्हा घेतलेला चिवडा त्यांच्या मुठीत होता. "पाच महिन्यांत तुझी एक थाप कानावर न्हाई. पोट साफ होईना झालंय."

"थाप न्हाई धुळाजी. तुमी जाताना ह्यानं काय सांगितलतं, आठवतंय का?"

सगळ्यांना आठवत होतं, कारण अभिमन्यूनं ते चारदा सांगितलं होतं. मशीन रोज एकदा चालू करायचं, न्हाई तर सर्दीनं खराब होतं. कुणाचा पेन ड्राइव्ह लावू द्यायचा न्हाई. पडद्यावर आगंतुक खिडकी उघडली की 'नाही' दाबायचं. "व्हायरस घुसायला दार एकच हाय आबा, नेट. तितं डोळ्यात तेल घालून बसा." पासवर्डाची चिठ्ठी त्यानं घराच्या किल्लीलाच बांधून खिळ्याला अडकवली होती. वस्तीवर जपायची चीज त्याच खिळ्याला अडकवतात.

हे सांगणं चाललं तेव्हा वनमाला बोचकं बांधत होती. ती अर्ध्या कानानं ऐकत होती, कारण वस्तीवर चोरावरचा इलाज वेगळाच. वस्तू ठेवायची आणि तिचा जीव तेवढा काढून बरोबर न्यायचा. कुणी मोटारसायकलचा प्लग काढून नेतं, कुणी पंपाचा फ्यूज. वनमाला मिक्सर ठेवून मिक्सरचं भांडं नेते. चोरानं नेलाच, तर मेल्याला चटणी वाटता येऊ नये. आबांनी पाच महिने भाकरीबरोबर कोरडी मिरची खाल्ली, ती या बंदोबस्तापायी.

मशीन रोज चालू करायचं काम मात्र आबांनी एक दिवस चुकवलं नाही. बटण दाबलं की मशीन थोडं कण्हायचं आणि पडद्यावर भिवराबाई यायच्या. आबांची बायको. जाऊन तीन वर्षं झाली होती. आधारच्या कामासाठी अभिमन्यूनं काढलेला फोटो होता; 'आई, हसू नको' म्हटल्यावर तिला हटकून हसू फुटलं, म्हणून तो कामाचा राहिला नाही. वाया जायला नको म्हणून त्यानं पडद्यावर लावून टाकला.

"तर कार्तिक सरला आसंल," आबांनी तंबाखू मळायला घेतली. "मी आपला बसलोय. आन् खिडकी उघडली. मराठीत. 'तुमचा संगणक धोक्यात आहे. आम्ही रक्षण करू का?' आता मला सांग धुळाजी, दारात माणूस आलाय, फुकट राखण करतो म्हणतोय. त्याला न्हाई कसं म्हनावं?"

"आबा! 'नाही' दाबा म्हणून सांगितलतं!"

"सांगितलतंस. पर पंधरा दिवसांत माझ्याशी कुणी बोललं न्हवतं बाबा. तुझा फोन यायचा ऐतवारी. 'बरं हाय ना?' 'बरं हाय.' 'ठेवतो.' ह्यो निदान इचारत तरी व्हता." आबा घाईनं पुढे सरकले. "ठेवला राखणदार. दुसऱ्या दिवशी दुसरी खिडकी. 'पहिला राखणदार चोर आहे. त्याला हाकला, मला ठेवा.' म्हणलं, दोघं ऱ्हावा. तिसऱ्या दिवशी तिसरा आला. त्यो म्हणला, हे दोघंबी चोर. असे पाच झाले."

"पाच अँटीव्हायरस!" अभिमन्यूनं कपाळाला हात लावला. "एका मशीनमधी दोन न्हाई नांदत."

"तेच तर! नुसती ग्रामपंचायत. ह्यानं त्याला कोंडावं, त्यानं ह्याची कागदं दाबावी. मशीन इतकं जड झालं, की सकाळी 'क' दाबला का दुपारच्या भाकरीला पडद्यावर उमटायचा. काना दुसऱ्या दिवशी."

धुळाजींनी चिवड्याचा बकाणा भरला. "आन् व्हायरस?"

"त्यो आला ना मार्गशीर्षात. लई लांबनं आलता, समुद्रापलीकडनं. बघतो तर दारात पाच राखणदार, आन् पाचांचं भांडण चाललंय, ह्याला धरायचा मान कुणाचा. त्यो बिचारा सकाळपसनं उभा. शेवटी मीच म्हणलं, ये बाबा आत, ह्यांचं काय खरं न्हाई. च्या ठेवला."

"व्हायरसाला?"

"मंग काय? दारी आलेल्याला निदान पाणी तरी इचारतात आपल्यात. त्येच्या कपाचे डाग हैत ते, पडद्यापाशी."

अभिमन्यूनं डागांकडे पाहिलं, मग वडलांकडे. पण कॉम्प्युटरातलं आपल्याला कळत नाही असं वस्तीवर दिसू द्यायची त्याची तयारी नव्हती. "नव्या जातीचे असतात तसले," तो पुटपुटला.

आता आबांना उतार मिळाला. व्हायरसानं मशीनभर हिंडून काय काय पाहिलं, ते त्यांनी डोळ्यांपुढे उभं केलं. अभिमन्यूच्या दुकानात फोटोसाठी एकच निळा कोट. वस्तीतला प्रत्येक पुरुष तोच घालून फोटो काढतो. व्हायरस एकेक फोटो उघडत गेला आणि त्याला घाम फुटला. जिकडंतिकडं निळे कोटवालेच. तो म्हणाला, बाबा, ही कसली पलटण? आबा म्हणाले, आमची वस्ती हाय. ऊस तोडाय गेलीय. व्हायरसाला ते काही पटलं नाही. एवढे साहेब लोक ऊस कशाला तोडतील?

धुळाजींना चिवड्याचा ठसका लागला. त्यांच्या पाठीत दोन धपके घालून आबा पुढे निघाले.

"मंग त्यानं आपला धंदा दाखवला. म्हणला, समद्याला कुलूप घातलंय, पैसं टाकशील तर उघडीन. म्हणलं, कुलूप? लेका, कुणाला सांगतोस? उठलो, खिळ्यावरच्या तेवीसच्या तेवीस किल्ल्या आणल्या आन् बसलो. म्हणलं, तुझं कुलूप दाव, ह्यातली एक तर लागंलच. तीन दिवस किल्ल्या लावत व्हतो. त्यो सुदिक थकला. म्हणला, म्हातारबा, मी मोठमोठ्या बँका हालवल्या, पर आसं गिऱ्हाईक बघितलं न्हाई."

"उघडलं का मंग?"

"उघडलं." आबांचा मळता अंगठा थांबला. "मी त्याला म्हणलं, फॉर्म ने, सातबारे ने, कोटवाले समदे ने. पडद्यावरची तेवढी ऱ्हाऊ दे. त्यो म्हणला, कोण हाय ती? म्हणलं, भिवरा. म्हणला, हसायली कावून? म्हणलं, हसू नको म्हणलं का ती हसायचीच. लगनात अंतरपाटाआड हसली व्हती. लोक म्हणले, पोरगी येडी हाय."

एक मुंगी टेबलावरच्या एका डागात शिरली आणि गोल गोल फिरत राहिली.

"मंग त्यो कुलूपबिलूप समदं इसरला," आबा जरा खालच्या आवाजात म्हणाले. "रोज च्याच्या टायमाला इचारायचा. भिवराबाई भाकरी कशी थापायच्या? उसावर असताना पाचटाच्या कोपीत पाणी शिरलं तवा काय केलं? मी आपलं सांगत बसायचो. दुपार कलायची. लाइट गेली का त्यो जायचा. लाइट आली का हजर. येक दिस सांगताना हात हालला आन् त्येचा कप कलंडला. ह्यो तुझा कीबोर्ड. झालं समाधान?"

अभिमन्यू कीबोर्ड पुसत होता. कोरडा झाल्यावरही पुसत होता.

आबांनी खाकरून गळा मोकळा केला. आता मुद्दा. "जाताना मला बजावून गेलाय त्यो. म्हणला, म्हातारबा, यंदा मी एकला आलतो म्हणून निभावलं. पुढल्या साली माझे चुलतभाऊ यायचेत, लई वंगाळ जात. एकट्या माणसाचं काम न्हाई. घरात अजून एक माणूस ठिवा, कॉम्प्युटर कळणारं. मी काय मागत न्हाई बाबांनो. मी काय, पाच वर्संबी एकटा ऱ्हाईन. त्यो व्हायरस म्हणला म्हणून सांगतो."

"म्हंजी कोयता मोडायचा?" अभिमन्यू म्हणाला.

"तुझं मशीन हाय. तू ठरव."

अभिमन्यूनं ओठ चावला. एकीकडे कोयता, दुसरीकडे व्हायरसाचे चुलतभाऊ. "अँटीव्हायरस एकच ठेवून भागंल का..." असं त्यानं म्हणून पाहिलं, पण आबांनी पाच राखणदारांची हकीकत पुन्हा सुरू करायला तोंड उघडताच तो गप्प झाला. धुळाजी म्हणाले, "ठेव बे एक माणूस. चुलतभाऊ वाईटच असतात, व्हायरसाचे असू दे न्हाई तर कुणाचे."

हे सगळं चाललं असताना वनमाला मधल्या दारात उकिडवी बसून बोचकं सोडत होती. भाकरी झाल्या होत्या. आबांनी पाच महिने कोरडी मिरची खाल्ली हे तिला चुलीपाशीच कळलं होतं, आणि ती दाण्याची चटणी वाटायच्या घाईत होती. तिनं मिक्सरचं भांडं बाहेर काढलं, झाकण उघडलं आणि आत पाहून थांबली. मग आत हात घालून चिंधीची एक पुरचुंडी काढली. गाठ दातानं सोडली.

आत बोटाएवढी काळी वस्तू होती. नेटचं डोंगल.

अभिमन्यू पटकन टेबलाखाली वाकला. मशीनच्या मागं डोंगलाची जागा रिकामी होती. तिथं कोळ्यानं जाळं विणलं होतं, ते चांगलं पाच महिन्यांचं.

"तुमीच म्हणलता ना, व्हायरस घुसायला दार एकच, नेट?" वनमाला नवऱ्याला म्हणाली. "म्हणून जायच्या दिवशी मी हे उपटून संगं नेलतं. मिक्सरच्या भांड्यासारखं. सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

धुळाजींना हसू फुटलं. "धरला की रे त्रिंबका! दारच न्हवतं, तर पाव्हणा आला कुठनं?"

आबा तंबाखूकडे बघत राहिले. चिमूट तोंडात जाईना आणि खालीही ठेववेना. अभिमन्यूनं काहीतरी करायचं म्हणून मशीनचं बटण दाबलं. मशीन कण्हलं. पडद्यावर भिवराबाई आल्या, हसत. त्यांच्या पुढ्यात, पडद्याला अगदी चिकटून, चहाचे गोल डाग.

वनमालानं पडद्याकडं पाहिलं, डागांकडं पाहिलं. डोंगल टेबलावर ठेवून तिनं पदर सावरला.

"मामा," ती म्हणाली, "मंग ह्यो दुसरा कप तुमी रोज आत्याबाईला मांडत व्हता का?"